टीएमटी सळईचा आकडा मोठा म्हणजे माल भारी? लोखंड तापवून विझवलं की आत काय होतं ते बघू

घर बांधायला काढलं की सळई घेताना जेवढा गोंधळ उडतो तेवढा दुसऱ्या कशातच उडत नाही. दुकानदार विचारतो, "फाईव्ह हंड्रेड देऊ, फाईव्ह हंड्रेड डी देऊ का फाईव्ह फिफ्टी?" सोबत आलेला मेहुणा म्हणतो, "दाजी, सहाशेवालीच घ्या, आकडा मोठा तेवढी मजबूत." गवंडी म्हणतो कुठलीही घ्या, फक्त टीएमटी असू द्या. आता हे पाचशे म्हणजे पाचशे काय, टीएमटी म्हणजे काय, आणि त्या डी चे टनामागे जास्त पैसे का द्यायचे हे कोणीच सांगत नाही, आणि हायवेच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचून तर आणखीच काही कळत नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, आकडा मोठा म्हणजे तुमच्या घराला चांगली असं अजिबात नाही. का नाही हे समजायला लोखंड तापवून थंड करताना त्याच्या आत काय घडतं तेवढं बघावं लागतं, आणि गंमत म्हणजे गावातला लोहार छिन्नीला पाणी पाजताना, म्हणजे ती लाल तापवून पाण्यात विझवून कडक करताना, जे करतो तेच जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये होतं, फक्त तिथे ते सळई पळत असताना होतं.

लोखंड, पोलाद, बीड: फरक कार्बनचा

बोलताना आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो. पण अगदी शुद्ध लोखंड बाजारात सहसा मिळत नाही आणि मिळालं तरी ते बऱ्यापैकी मऊ असतं, त्याचं बांधकामात काय करणार? त्यात थोडासा कार्बन गेला की त्याचं पोलाद होतं. थोडासा म्हणजे खरंच थोडासा. सळई, खिळा, खिडकीच्या ग्रिलची पट्टी यात साधारण पाव टक्का किंवा त्याहून कमी. ट्रकच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कानशीत एक टक्का किंवा थोडं वर. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की ते बीड, त्यात बहुतेक वेळा तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, म्हणून बिडाचा तवा फरशीवर पडला की त्याचे तुकडे होतात, पोचा पडत नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी मजा पुढे आहे, कारण कार्बन तेवढाच ठेवून, एका कणानेही न बदलता, पोलादाचा तोच तुकडा तुम्ही सहज वाकेल इतका मऊ करू शकता, किंवा कानस घासली तर कानसच घसरून जाईल इतका कडक करू शकता. फरक फक्त कितपत तापवलं आणि कसं थंड केलं याचा.

तापल्यावर अणू जागा बदलतात

लोखंडाचे अणू आत ठरलेल्या मांडणीत बसलेले असतात. नेहमीच्या तापमानाला जी मांडणी असते तिच्यात कार्बनला शिरायला जागा जवळपास नसतेच, अगदी जास्तीत जास्त मावतो तो ०.०२ टक्के, आणि तोही ७२७ अंश सेल्सिअसला. पण शुद्ध लोखंड ९१२ अंशांपर्यंत तापलं की अणू आपली मांडणीच बदलतात. वितळत वगैरे नाही हं, वितळायला १५३८ अंश लागतात, तुकडा घनच राहतो, बाहेरून फक्त लालभडक दिसतो, पण आतली बैठक वेगळी झालेली असते. या नव्या बैठकीत पोकळ्या मोठ्या असतात आणि तापमान पुरेसं असेल तर दोन टक्क्यांपर्यंत कार्बन तिच्यात आरामात सामावतो. पोलादात कार्बन असल्यामुळे हा बदल लवकर, ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. पुस्तकात या गरम मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात, रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञावरून. मी आपली "गरम मांडणी" म्हणतो.

जाता जाता, लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्यामुळे भट्टीला मीटर नसेल तर हौशी सुऱ्या बनवणारे लोक तापलेल्या पात्याला लांबून मॅग्नेट लावून बघतात, चिकटायचा बंद झाला की अजून थोडं तापवतात आणि मग बुडवतात.

हळू थंड केलं तर, फटकन थंड केलं तर

लाल तुकडा भट्टीतच राहू दिला, भट्टी बंद केली आणि हळूहळू निवू दिला, तर कार्बनला भरपूर वेळ मिळतो. लोखंडाची मांडणी परत जुन्यासारखी व्हायला लागते, तिच्यात कार्बनला जागा नाही, मग तो बाजूला सरकतो आणि लोखंडाशी मिळून एक वेगळं कडक संयुग तयार करतो. मऊ लोखंडाचा एक पातळ थर, त्या संयुगाचा एक थर, परत लोखंड, असं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. असा तुकडा मऊ असतो, लेथवर सुरेख कापला जातो. याला अनीलिंग म्हणतात. भट्टीबाहेर काढून नुसत्या हवेत थंड केला तर नॉर्मलायझिंग, त्यात थर बारीक होतात आणि ताकद थोडी वाढते.

आता तोच लाल तुकडा पाण्यात बुडवला तर? चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये बोरिवलीवाला चढला की त्याचं काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. बोरिवली येते, त्याला उतरायचंय, पण दारापर्यंत पोचायच्या आत गाडी सुटते, तो मधेच अडकतो, आणि तो तिरका उभा राहिल्यामुळे बाजूचे चार जणही अवघडतात, कोणालाच हलता येत नाही. कार्बनचं तसंच होतं. लोखंडाने मांडणी बदलायला घेतली पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तो जागच्या जागी अडकला आणि त्याने ती सगळी मांडणी ताणून ठेवली. या ताणलेल्या मांडणीला मार्टेन्साइट म्हणतात, हे जर्मनीच्या अडोल्फ मार्टेन्सवरून. धातू वाकतो म्हणजे आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि इथे सरकायलाच जागा नाही, म्हणून तुकडा कडक.

यातून एक गोष्ट लगेच कळते. अडकायला कार्बनच पुरेसा नसेल तर काय कडक होणार? म्हणून खिळा कितीही लाल करून पाण्यात टाका, त्याची छिन्नी होत नाही. यूट्यूबवर बघून ग्रिलच्या पट्टीची सुरी करायला निघालेले इथेच फसतात.

कडक झालं की काम संपलं असं नाही

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे म्हणून जरा सावकाश.

मजबूत हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. ओरखडा किंवा पोचा न पडणं म्हणजे कडकपणा. किती वजन लावल्यावर तुकडा कायमचा ताणला जायला लागतो ती त्याची ताकद. तुटायच्या आधी किती लांबतो ते लांबणं. आणि दणका बसल्यावर चीर न जाता तो झेलणं म्हणजे चिवटपणा. पहिल्या दोन गोष्टी वाढवल्या की सहसा पुढच्या दोन कमी होतात. फुकट काही मिळत नाही.

नुकतंच पाण्यात विझवलेलं जास्त कार्बनचं पोलाद भलतंच कडक असतं आणि तितकंच ठिसूळ. मार्टेन्साइट होताना तुकडा किंचित फुगतो, बाहेरचा भाग आधी फुगून घट्ट झालेला असतो आणि आतला नंतर फुगतो, त्यामुळे कधीकधी पाण्यातच टण्ण आवाज येतो आणि चीर पडते. वर्कशॉपमध्ये चांगले महागाचे जॉब असे गेलेले असतात. म्हणून पाण्याऐवजी तेल वापरतात, ते जरा सबुरीने थंड करतं. पोलादात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम असेल तर कार्बन तसाही हळू हलतो, मग तेलानेही आतपर्यंत कडक होतं. तो जाडजूड शाफ्ट साध्या पोलादाऐवजी महागड्या ईएन २४ चा (हे असंच मिश्र पोलाद) का करतात ते यात आलं.

विझवून झालं की तुकडा परत तापवायचा, पण या वेळी कमी. साधारण १५० ते ६५० अंशांच्या मधे, काय बनवायचंय त्यावर. अडकलेला कार्बन थोडाथोडा सुटतो, ताण उतरतो, कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा बराच परत येतो. हे टेम्परिंग. माझ्या मते सगळ्या हीट ट्रीटमेंटमध्ये सगळ्यात अक्कल लागते ती इथे, विझवायला काय, बादली आणि पाणी असलं की झालं.

लोहार छिन्नीला पाणी पाजतो तेव्हा नीट बघा. सांडशीत धरलेल्या लाल छिन्नीचं फक्त टोक, दोन-तीन बोटं, पाण्यात बुडवतो. मागचा दांडा लालच असतो. बाहेर काढून टोकावर पटकन दगड किंवा जुनी कानस घासून ते चकचकीत करतो आणि मग काहीच करत नाही, नुसता टक लावून बघत राहतो. मागच्या दांड्यातली आच पुढे सरकत येते आणि चकचकीत भागावर रंग चालत येताना दिसतात, आधी गव्हाळ पिवळा, साधारण २२०-२३० अंशांना, मग तपकिरी, मग २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. टोकावर जांभळा पोचला की आख्खी छिन्नी पाण्यात. पिवळ्यावर थांबला तर घाव बसल्यावर टोक उडेल, निळ्याच्या पुढे गेला तर टोक चेपेल. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, नुसता रंग. धातूवर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे तो रंग दिसतो आणि थराची जाडी तापमानावर ठरते, त्यामुळे ही पद्धत अंदाजपंचे वाटली तरी तशी नाही.

(ट्रकच्या पाट्याचा कोयता हँड ग्राइंडरवर कोरडाच घासून धार लावताना कडेला निळा डाग पडतो ना, तो हाच. तेवढ्या जागी पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मग लोक म्हणतात हल्ली मालच चांगला येत नाही.)

आता टीएमटी

मागच्या दांड्याच्या आचेने टोकाचं टेम्परिंग, ही लोहाराची युक्ती लक्षात ठेवा.

मिलमध्ये लाल बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा, रोलमधून जात जात बारीक होतो आणि शेवटच्या रोलमधून सळई बाहेर पडते तेव्हा ती हजार अंशांच्या आसपास असते आणि वेगाने पळत असते. तशीच ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांच्या नळीतून जाते. आत असते जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात बाहेरची कड फटकन थंड होऊन मार्टेन्साइट होते (कार्बन कमी, म्हणून छिन्नीइतकी कडक नाही, पण ताकद वाढण्याइतकी नक्की) पण गाभा लालच राहतो. मग सळई कूलिंग बेडवर येऊन पडते, गाभ्यातली आच बाहेर येते, कड परत ६०० अंशांच्या आसपास तापते, म्हणजे तिचं आपोआप टेम्परिंग होतं. गाभा मात्र हवेत निवांत निवत जातो आणि मऊ, लांबणारा राहतो. वेगळी भट्टी लागत नाही, वेगळं इंधन लागत नाही. थर्मो मेकॅनिकल ट्रीटमेंट म्हणतात ते एवढंच. फार सुंदर इंजिनिअरिंग आहे हे, मला तरी याचं कौतुक थांबत नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर सळईचा तुकडा करवतीने कापून, तोंड पॉलिश करून, स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घातलेल्या द्रावणात बुडवतात. काही सेकंदांत बाहेर गडद कडं उमटतं आणि मधे फिकट गोल. १२ एमएमच्या, म्हणजे आपल्या चार सुताच्या सळईत हे कडं साधारण एक मिलीमीटरचं. ते सगळीकडून सारखं आणि अखंड हवं. एका बाजूला जाड, एका बाजूला गायब असेल तर फवारे नीट लागलेले नाहीत. हे लॅबचं काम आहे, ॲसिड आणून घरी उद्योग करू नका.

आधी टॉर स्टील यायचं, पीळ दिलेल्या सळया, जुन्या स्लॅबमधून निघतात. तिथे ताकद थंडपणी पिळून आणलेली असायची, त्यात लांबणं बरंच खर्ची पडायचं. टीएमटीने ते मागे टाकलं.

मग पाचशे आणि सहाशे काय आहे?

भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये एफई ५०० (एफई हे लोखंडाचं रासायनिक चिन्ह) म्हणजे दर चौरस मिलीमीटरला किमान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत सळई कायमची ताणली जाणार नाही. चार सुताच्या एका सळईचा हिशोब केला तर पावणेसहा टन होतात, एका सळईला! पण त्याच मानकात दुसरा रकाना आहे, लांबण्याचा, आणि जाहिरातीत तो सहसा नसतो. एफई ५०० किमान १२ टक्के लांबली पाहिजे. एफई ५०० डी १६ टक्के. एफई ५५० आणि ६०० ला १० टक्के चालतात. म्हणजे आकडा वाढत गेला तशी लांबण्याची अट खाली आली. डी चा अर्थच जास्त लांबणारी, आणि त्यासाठी तिच्यात कार्बन कमी ठेवावा लागतो, ५०० ला ०.३० टक्क्यांपर्यंत चालतो तर डी ला ०.२५, गंधक आणि फॉस्फरसची मर्यादाही कडक असते. जास्तीचे पैसे त्याचे.

लांबून काय करायचंय, घराची सळई काय ओढायचीय?

ओढायची नाही, पण भूकंपात ती ओढली जाते. किल्लारी, कोयना आठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. इमारत हलते तेव्हा जिथे कॉलम-बीम जुळतात तिथल्या सळया ताकदीच्या मर्यादेबाहेर ताणल्या जातात. त्या लांबल्या तर हादऱ्याची ऊर्जा गिळतात, काँक्रीटला भेगा पडतात, प्लास्टर पडतं, पण स्लॅब डोक्यावर येत नाही आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. लांबत नसतील तर तुटतात. म्हणूनच ताणायला लागल्यापासून तुटेपर्यंत किती जोर आणखी झेलते तेही बघतात, डी मध्ये हा फरक किमान १० टक्के हवा, साध्या ५०० मध्ये ८.

इंजिनिअरने ५०० लिहिलंय, मी ६०० टाकली तर जास्त चांगलं नाही का?

नाही, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. चांगल्या डिझाइनमध्ये आधी सळई ताणली जावी आणि काँक्रीट नंतर चिरडावं असा हिशोब असतो, कारण सळई सांगून-सवरून जाते आणि काँक्रीट अचानक जातं. नग तेवढेच ठेवून जास्त ताकदीची सळई घातली तर ती ताणली जायच्या आत काँक्रीटच चिरडायची वेळ येऊ शकते. बदलायचंच असेल तर इंजिनिअरला परत हिशोब करायला सांगा.

अजून एक. कडक पोलाद कमी झुकतं असं वाटतं ना? तेही तसं नाही. ठरलेल्या वजनाला किती ताणलं जाणार, म्हणजे कायमचं नाही, वजन काढल्यावर परत येणारं ताणणं, ते हीट ट्रीटमेंटने जवळपास बदलतच नाही. ४१५ ग्रेडची सळई असो की ६०० ची, या ताठपणाचा आकडा दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. त्यामुळे बीम झुकतोय म्हणून वरच्या ग्रेडची सळई हा उपाय नाही.

फिटर गॅसने तापवून वाकवतो, चालतं का?

अजिबात नाही. जाड सळई हाताने वाकत नाही म्हणून गॅस कटरने लाल करतात आणि मिलमध्ये एवढ्या खटाटोपाने केलेली कड त्या जागी परत साधी होऊन बसते. टीएमटीची निम्मी मेहनत त्या एक मिलीमीटरच्या कड्यात आहे आणि ती नेमकी वाकवण्याच्या जागी, जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथेच घालवली. सळई थंडच वाकवायची, योग्य मापाच्या पिनवर. आणि एकदा वाकवलेली सरळ करून परत वापरणं टाळा. मानकात याची परीक्षा आहे, सळई १३५ अंशांचा कोन होईपर्यंत वाकवतात, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग उलट उघडतात, चीर दिसली की नापास.

आग लागली तर?

पोलाद वितळायची गरज नसते. ६०० अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्मी उरते. सळईवरचं काँक्रीटचं आवरण बराच वेळ ही आच अडवतं, म्हणून कव्हर ब्लॉक (सळई आणि शटरिंगमध्ये अंतर ठेवणारे ठोकळे) वाचवून सळई शटरिंगला चिकटवणारा ठेकेदार आगीच्या दिवशी महागात पडतो. मोठी आग लागून गेलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करतात तेव्हा सळई किती तापली असावी हा एक मुख्य प्रश्न असतो, कारण थंड झाल्यावर वरून सगळं ठीक दिसलं तरी आतल्या सळईच्या कड्याचं पाणी उतरलेलं असू शकतं.

हे फक्त सळईपुरतंच का?

छे. भोसरी-चाकणला बनणारे गाडीचे गिअर घ्या. दाते झिजायला नकोत म्हणून वरून कडक, आणि क्लच दणकन सोडला तरी तुटायला नकोत म्हणून आतून चिवट. तिथे उलट युक्ती, कमी कार्बनचं पोलाद घ्यायचं, ९०० अंशांच्या वर कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवायचं, वरच्या मिलीमीटरभर कातडीत कार्बन मुरतो आणि मग तेलात बुडवलं की कातडीच कडक होते. केस हार्डनिंग म्हणतात ते हे.

आणि स्टेनलेसची वाटी? तिच्यात निकेल असतं, त्यामुळे गरम मांडणी थंडीतही तशीच टिकते, म्हणून तिला बुडवून कडक करता येत नाही आणि मॅग्नेटही चिकटत नाही. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टेनलेसलाही मॅग्नेट चिकटत नाही, तेव्हा भांड्यांच्या दुकानातली मॅग्नेटची परीक्षा फार मनावर घेऊ नका.

दुकानात गेल्यावर काय बघायचं

सळईवर ग्रेड आणि आयएसआय मार्क उठवलेला असतो. बंडलच्या टॅगवर हीट नंबर असतो, म्हणजे कुठल्या घाण्यातला माल आहे तो नंबर, आणि तोच नंबर मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर असला पाहिजे, दुकानदार दुसऱ्याच मालाचं जुनं झेरॉक्स पुढे करत असेल तर ते घेऊ नका. सर्टिफिकेटवर ताकदीच्या रकान्यानंतर लांबण्याचा टक्का लिहिलेला असतो, डी ग्रेड असेल तर तो १६ किंवा वर हवा. खात्री नसेल तर दोन-तीन तुकडे कापून जवळच्या टेस्टिंग लॅबमध्ये द्या, बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि पॉलिटेक्निकमध्ये ही सोय असते. तुकडे देताना फक्त ते गॅसने कापू नका, करवतीने कापा, नाहीतर टोकाजवळचं पाणी तिथेच उतरेल आणि रिपोर्ट भलताच येईल.